त्या एका मताचे मालक

शाळेच्या दारावर निकालाचा कागद चिकटवला, त्यावर आमच्या गावाचा हिशेब असा होता: घंटा पाचशे बारा, होडी एक. त्या एकाच्या अलीकडे, चुकलेलं लिखाण झाकायला लावतात त्या पांढऱ्या रोगणाचा एक ठिपका होता, अंगठ्याच्या नखाएवढा. बाकी कागद स्वच्छ.

घंटा ही राष्ट्राध्यक्षांची निशाणी. होडी ही त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या, सरोवराकाठच्या डॉक्टरांची. आणि आमच्या गावात होडी म्हणजे जैलोसी, सायकली दुरुस्त करणारा. हाही सरोवराकाठचाच, फैनेसीशी लग्न करून इथे आलेला घरजावई. तसे आमच्याकडे सगळेच पुरुष घरजावई. बायकोच्या गावी घर बांधायचं आणि बायकोच्या मामाचं ऐकायचं. जैलोसीने घर चांगलं बांधलं होतं. ऐकण्याचं मात्र जमलं नाही.

फैनेसीचा मामा म्हणजे बिस्विकमामा, घंटेचा गावातला पुढारी. सरकारी खताची कुपनं कोणाला मिळायची हे तोच ठरवतो, त्यामुळे तो कधी आवाज चढवत नाही. गरजच पडत नाही.

मोजणीच्या संध्याकाळी दिव्याची बॅटरी संपली म्हणून मतदान केंद्राच्या साहेबांनी सगळ्यांना वर्गाबाहेर काढलं. होडीच्या पक्षाने मोजणीवर लक्ष ठेवायला शहरातून एक माणूस पाठवला होता. तो साहेबांबरोबर जेवायला बसला. दुसरी बॅटरी आली, दार उघडलं, तोवर निकालाच्या कागदावर त्या माणसाची सही झाली होती आणि तो सायकलवरून निघूनही गेला होता. त्या सायकलची साखळी सकाळी जैलोसीनेच बसवून दिली होती, फुकट.

मी गावातली चक्की चालवते. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे दळणाच्या रांगेत सगळ्यात आधी कळतं. तर दुसऱ्या दिवसापासून मी बघत होते, त्या एका मताला मालक मिळू लागले. लायसन खाटीक चाकात हवा भरायला गेला आणि जैलोसीच्या कानात म्हणाला, “ते माझं होतं हं, जावईबापू.” चर्चमध्ये गाणं सांगणारी एनेलेसी भोपळा घेऊन गेली आणि तेच सांगून आली. मुख्याध्यापकांनी तर त्याचा हात दाबला, बोलले काहीच नाहीत, म्हणजे आपण समजून घ्यायचं. रविवारपर्यंत मी चौदा मालक मोजले. त्यातल्या चौघी घंटेचं फुकट मिळालेलं छापील कापड कमरेला गुंडाळूनच गेल्या होत्या.

जैलोसीच्या डोळ्यांत पाणी यायचं. दळण घेऊन आला की तो मला ऐकवायचा, कागदावर एक आणि दारात येऊन सांगणारे चौदा, आता तरी कळलं ना चोरी कुठे झाली ते? मी त्याला म्हटलं, माझ्या रांगेत उभी असलेली प्रत्येक बाई सांगते की ती सगळ्यांच्या आधी आली होती. तो रागावला. मग शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहिला, कारण त्या पांढऱ्या ठिपक्याला कोणी हात लावू नये असा त्याचा हुकूम होता. पोरं नखाने खरवडायला बघायची. त्यांना तो हाकलायचा. पुरावा आहे तो, म्हणायचा.

मग ब्लांटायर शहरातून होडीच्या बाजूच्या वकीलबाई आल्या. सावली फक्त माझ्या चक्कीच्या ओसरीवर, म्हणून टेबल तिथेच मांडलं. बाई तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ. ठिपक्याचं कोर्टाला काही पडलेलं नाही, म्हणाल्या, शाईची चूक झाली होती असं सांगून साहेब मोकळे होतील. मात्र कागद म्हणतो होडीला एक. या केंद्रावर मत दिलेल्या दोन माणसांनी शपथेवर सांगितलं की आम्ही होडीवर खूण केली, तर कागद तिथेच खोटा ठरतो आणि पेटी उघडावी लागते.

“एक तुम्ही,” त्या जैलोसीला म्हणाल्या. “मला फक्त आणखी एक हवा.”

जैलोसी हसला. त्याच्याकडे चौदा होते.

तो बोलवायला निघायच्या आधीच बिस्विकमामा आला. स्वतःची खुर्ची घेऊन आला, टेबलापासून थोडी लांब ठेवली, बसला आणि शेंगा सोलू लागला. एवढंच. लायसनला त्या दिवशी बकरा कापायचा होता. एनेलेसी म्हणाली, मी मनातून दिलं होतं, हाताचं काय सांगावं. मुख्याध्यापकांनी पुन्हा हात दाबला. जैलोसीने माझ्याकडेही बघितलं. माझी चक्की डिझेलवर चालते आणि डिझेलचे पिंप मामाच्या गाडीतून येतात. मी पट्टा तपासायला खाली वाकले.

“जाऊ दे,” जैलोसी वकीलबाईंना म्हणाला. “दुसरं मत माझ्या घरातच आहे. चुलीपाशी बसलंय.”

हे कोणालाच खोटं वाटलं नाही. दोन महिने होडीची गाणी म्हणत पुढे चालायची ती फैनेसीच. प्रचाराला आलेल्यांना मक्याच्या पिठाची न्सिमा आणि वाळलेली मासळी रांधून घातली ती तिनेच.

ती आली. वकीलबाईंनी बायबल पुढे केलं. फैनेसीने ओले हात कापडाला पुसले आणि त्यावर उजवा हात ठेवला. मामाचं शेंगा सोलणं थांबलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. झालं होतं काम. जैलोसीने गप्प राहायचं होतं, बस. पण मला वाटतं, तिचा हात बायबलवर जरा जास्तच पटकन गेला.

“थांबा बाई,” तो म्हणाला. “फैनेसी, होडीवरच खूण केलीस ना?”

“शपथ घ्यायला आलेय ना मी?”

“ते नाही विचारलं.”

“अहो, लिहू द्या त्यांना. तुमचंच काम होतंय.”

“माझं काम राहू दे. खूण कशावर केलीस?”

ती मामाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. माझ्या चक्कीच्या चाकाकडे बघत बोलली. “मामा म्हणाला होता, कोण कशावर खूण करतं ते वरच्यांना दिसतं. यंदा खत नाही मिळालं तर मक्याला काय घालायचं? तुमचे डॉक्टर पाठवणार होते पोती?”

“आणि गाणी? ती तर तूच म्हणायचीस.”

“म्हटली की. गाणी कोण मोजतं?”

जैलोसीने बायबलकडे हात नेला. तसा तिचा आवाज फुटला. “आता बोलतेय ना खोटं, तुमच्यासाठी. देवाच्या पुस्तकावर हात ठेवून. हे कमी आहे का?”

त्याने तिच्या हाताखालून बायबल हळूच काढलं आणि वकीलबाईंना परत दिलं. बाईंनी टोपण लावलं. “मी ऐकलंय आता,” त्या म्हणाल्या. “आता मला लिहिता येणार नाही.” मामाने टरफलं गोळा केली, माझा उंबरा घाण होऊ नये म्हणून, आणि खुर्ची उचलून गेला.

ब्लांटायरला खटला अजून चालू आहे. दुसऱ्या गावांचे कागद, दुसऱ्या गावांच्या शपथा. रेडिओवर रोज काही ना काही सांगतात आणि रांगेतल्या बायका रोज म्हणतात, सगळे चोर. आमच्या गावाचं नाव त्या यादीत नाही. त्या एका मतावर आता कोणी हक्क सांगत नाही. लायसन हवा भरायला बाजारात जातो.

परवा मी शाळेला लापशीचं पीठ द्यायला गेले तर जैलोसी दाराशी उभा. कागद उन्हाने पिवळा पडलाय, ठिपका तेवढा पांढरा. त्याचं नख ठिपक्याच्या कडेला टेकलेलं होतं.

“खरवड की,” मी म्हटलं. “आता कसला पुरावा राहिलाय त्यात?”

“खाली आकडा निघाला तर?”

“तर तू म्हणत होतास तेच खरं. चोरी झाली.”

“म्हणजे गावाने दिलं होतं, घराने नाही.” त्याचं बोट तिथेच होतं. “आणि नाही निघाला, तर माझ्याशिवाय कोणीच दिलं नव्हतं. दोन्हीकडे फैनेसी नाहीच, ताई.”

आत पोरं पाढे म्हणत होती. त्याने हात खिशात घातला आणि जेवायची वेळ झाली म्हणून घरी गेला.