पारूबाईची सुकट

ज्योत्स्नाला चौथा महिना लागला आणि अन्नाची वासनाच उडाली. भाताचा वास आला तरी ती तोंडाला पदर लावायची. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर हे दिवस आलेले, त्यामुळे नवरा प्रवीण हवालदिल. त्यानं सासूला फोन लावला. पारूबाईनं तेलगावहून सकाळची एसटी धरली आणि दुपारच्या आत ती अंबाजोगाईत दारात उभी राहिली. हातात ज्वारीच्या भाकरी आणि लसूण-खोबरं घालून परतलेली सुकटीची चटणी.

"खा. ह्यानं तोंडाला चव येती. तुझ्या वक्ताला मला बी दुसरं काई चालत नव्हतं."

पारूबाईचा धंदाच सुकटीचा. नवरा माणिकराव गेल्यापासून तेलगाव आणि दिंद्रुडच्या बाजारात ती सुकट-बोंबलाचं दुकान मांडून बसायची. रत्नागिरीकडून व्यापाऱ्याचा माल यायचा, तो निवडून, पाखडून ती गिऱ्हाइकाच्या पदरात घालायची. ज्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही अशा मजुरांच्या घरी तिच्या हातून समुद्र जायचा. बोंबील कुठून येतात, ते पाण्यात कसे दिसतात, असं विचारून विचारून लहानपणी ज्योत्स्नानं तिला भंडावून सोडलं होतं. त्याच नादात ती प्राणिशास्त्र शिकली, कोकणात राहून समुद्रातल्या जिवांवर संशोधन केलं आणि आता अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवत होती.

चटणीच्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं घास मोडला. तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"कावून? तिखट झाली का?"

"न्हाई माय."

"मग खाईनास का?"

ज्योत्स्नाला तो किनारा दिसत होता. संशोधन संपत आलं होतं तेव्हा कोकणात एक देवमासा मरून किनाऱ्याला लागला होता. एसटीपेक्षा लांब. वनखात्याची माणसं आणि डॉक्टर त्याचं पोट फाडत होते आणि ही गुडघ्याएवढे बूट घालून आतला लगदा बादलीत भरत होती. तो लगदा म्हणजे बारीक मासळी आणि जवळा, वाळवल्यावर ज्याची सुकट होते तोच. एवढं अजस्र जनावर, पण खात होतं तेलगावच्या मजुरासारखंच. प्रयोगशाळेत तो लगदा गाळला तेव्हा कागदावर प्लॅस्टिकचे निळे, तांबडे, हिरवे धागे राहिले. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे, पण भिंगाखाली दोरखंडासारखे. मादी गाभण होती. डॉक्टरांनी पिल्लू बाहेर काढून वाळूवर ठेवलं तेव्हा एवढा वेळ फोटो काढणारी गर्दीसुद्धा गप्प झाली. पिल्लाच्या अंगातही धागे होते का, हे ज्योत्स्नाला तपासायचं होतं. पण वास सुटला होता, गावकरी ओरडत होते. जेसीबीनं खड्डा केला आणि मायलेकरं एकाच खड्ड्यात गेली.

गेल्या महिन्यात तिनं कॉलेजात आईकडची मूठभर सुकट तशीच रसायनात विरघळवून गाळली होती. कागदावर तेच रंग उतरले. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आज मात्र आई समोर बसून उत्तर मागत होती.

तिनं सगळं सांगितलं. पारूबाई ऐकत राहिली.

"ह्यानं माणूस मरतंय का?"

"माहीत न्हाई. अजून कुणालाच नीट माहीत न्हाई."

"माहीत न्हाई, तर भ्या कशाचं?"

"माहीत न्हाई म्हणूनच, माय."

"ह्याच सुकटीवर तुला वाढवली मी," पारूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ज्योत्स्नाला मान वर करवेना. पारूबाईनं ताट बाजूला सारलं. "मला दाव."

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं तिला कॉलेजात नेलं. पारूबाईनं पदर सावरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ तिनं डोळा काढला नाही.

"नायलॉनच्या गोणीचं सूत दिसतंय."

"तसंच हाय. गोण्या, जाळी, कपडे. झिजून झिजून नदीत जातंय, नदीतून समुद्रात."

"आपल्या गावचं बी?"

"आपल्या गावचं बी."

पारूबाई त्याच दिवशी तेलगावला परतली. जाताना लेकीच्या तोंडावरून हात फिरवला.

पंधरवड्यानं भिवराबाईचा फोन आला. ती बाजारात पारूबाईच्या शेजारीच बसायची, माल तोच. "जोस्ना, तुझी माय गिऱ्हाईक परतवायली. येऊन बघ जरा."

ज्योत्स्ना पुढच्याच बाजाराला प्रवीणच्या गाडीवर तेलगावला गेली. पारूबाई आपल्या जागी बसली होती, सुकटीचा ढीग समोर तसाच. एक पोटुशी मजूर बाई आली, ढिगाकडं हात करून म्हणाली, "द्या मावशी, चांगली निवडलेली."

"तुला न्हाई देत, बाई."

"कावून? आजवर तुमच्याकडूनच नेली की!"

"त्याच्यात पलास्टिक हाय. पोटातल्या लेकराला चांगलं न्हाई."

बाईनं तिच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. मग दोन पावलं सरकून भिवराबाईसमोर बसली आणि सुकट घेऊन गेली. भिवराबाईनं पदरानं हात पुसले.

"तू शिकलीस, नाव काढलंस, आमाला लई आनंद हाय," ती ज्योत्स्नाला म्हणाली. "पर आमच्या पोटावर कशाला आलीस गं? लोक आता माझ्या मालाला बी नाक मुरडाय लागले."

ज्योत्स्ना आईजवळ खाली बसली. "माय, असं करू नगंस. मिठात हाय, पाण्यात हाय, हवेत हाय. एकट्या सुकटीनं काई होत न्हाई. वीक तू."

"मग तू कावून खाईनास?"

बाजाराचा कालवा चालूच होता. ज्योत्स्ना ढिगातली सुकट बोटांनी चिवडत राहिली.  पारूबाई उठली आणि सुकट पोत्यात भरायला लागली.

त्यानंतर तिनं दुकान मांडलं नाही. राहिलेला माल व्यापाऱ्याला परत केला. कापूस वेचायच्या टोळीबरोबर ती दिंद्रुडकडं जाऊ लागली. कंबर धरायची, पण विचारलं तर "बरं हाय" एवढंच म्हणायची. ज्योत्स्नानं अंबाजोगाईला येऊन राहा म्हणून हजारदा विनवलं. आपण गप्प बसलो असतो तर, हा विचार तिला शिकवताना, जेवताना, कुठंही गाठायचा. गप्प बसणं बरोबर ठरलं असतं असंही तिला वाटत नव्हतं.

उन्हाळ्यात मुलगी झाली. वजन चांगलं, रंग सावळा, रडणं खणखणीत. पारूबाई बाळंतपणाला आली. तिनं नातीला तेल लावलं, न्हाऊ घातलं, ओवीसारखं काहीतरी पुटपुटत दुपट्यात गुंडाळलं आणि लेकीच्या मांडीवर दिलं. ज्योत्स्ना पाजायला बसली. पारूबाई भुकेल्या तोंडाकडं बघत राहिली.

"जोस्ना, दुधात बी असंल का गं ते?"

ज्योत्स्नाला खोटं बोलायचं होतं. आईच्या डोळ्यांकडं बघून तिला जमलं नाही.

"असू शकतंय, माय."

पारूबाईनं मान हलवली. बाळाच्या ओल्या लंगोट्या गोळा करून ती मोरीकडं गेली आणि नळ सोडून खळखळ धूत बसली. मुलीनं दूध सोडून रडायला सुरुवात केली, तशी ज्योत्स्नानं तिला पुन्हा छातीशी ओढून घेतलं.