दांडीवरची दोन भोकं

माझी सून डोक्यातल्या मालमत्तेचे खटले चालवते. त्याला बौद्धिक संपदा म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मुलाला म्हटलं, "बरं झालं, आपल्या घरात एकीकडे तरी ती आली."

वर्षानुवर्षं ती मोठ्या वकीलसाहेबांच्या मागे बसली. साहेब बोलायचे, ही मागून चिठ्ठ्या सरकवायची.

मग एका मिस्त्रीचा खटला आला. त्याने जिन्यावरून ओझं चढवणारी गाडी बनवली होती, स्वतःच्या नावावर नोंदवलीही होती. एका बड्या कंपनीने तश्शीच बाजारात आणली आणि वर शहाजोगपणे सांगितलं, आमच्या इंजिनियरने स्वतःच्या डोक्याने केली. खटला हरला असता तर मिस्त्रीच्या कारखान्याला कुलूपच लागलं असतं.

सुनेने दोन्ही गाड्या माझ्या जेवणाच्या टेबलावर आडव्या घातल्या. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. एका सकाळी तिने हाक मारली, "आई, बघा. दोन्हींच्या दांडीला ही दोन भोकं आहेत. कशासाठी असतील?"

"मला काय विचारतेस? ज्याने पाडली त्याला विचार."

मिस्त्रीला बोलावलं. त्याचा चेहराच उतरला. "मॅडम, ती दाखवू नका. पहिल्या गाडीला मूठ बसवताना माप चुकलं, भोकं भलतीकडे पडली. त्याच दांडीवरून साचा केला, मग सगळ्याच गाड्यांना आली. चारचौघांत कसं सांगू? बापाच्या हाताखाली शिकलोय मी."

"पण मिस्त्री, दुसऱ्या कुणाला ही चूक आपणहून सुचेल का?" सून म्हणाली. तरी तो तयार होईना.

मग मी तोंड उघडलं. "नाक वाचवलंत आणि गाडी गेली, तर ते नाक काय भिंतीला टांगणार आहात?"

त्याला हसू आवरेना. "सांगतो, मावशी."

साहेबांना कळलं तेव्हा ते सुनेला म्हणाले, "भोकं तुला दिसली. या वेळी तूच उभी राहा."

मी कोर्टात मागच्या बाकावर बसले. सुनेने कंपनीच्या इंजिनियरला विचारलं, "ही भोकं कशासाठी?"

तो घुटमळला. "मजबुतीसाठी."

"भोकं पाडून लोखंड मजबूत होतं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून दांडी हातात घेतली. मग मिस्त्री आपली पहिली गाडी घेऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माप माझं चुकलं, बाईसाहेब." आता साहेब सुनेच्या मागे बसले होते. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

कंपनीला गाडी विकायला बंदी झाली.

मी आयुष्यात कुणापुढे सहसा वाकले नाही. त्या दिवशी साहेबांपुढे हात जोडले. "माझ्या सुनेला उभं केलंत. उपकार झाले."

"मी तर नुसता बसून होतो, मावशी."

"भल्याभल्यांना तेच जमत नाही."

तिकडे व्हरांड्यात मिस्त्रीने बायकोला फोन लावला होता. "गाडी राहिली गं... आपलीच राहिली..." एवढंच म्हणाला आणि फोन सुनेपुढे धरला. सुनेने त्याच्या हातातून फोन घेतला आणि पुढचं सगळं त्या माउलीला सावकाश सांगितलं.