चित्रासाठी बसलेली माय

मुंबईच्या कलाशाळेत इंद्रभान पाच वर्षं माणसंच काढायला शिकला. पण १९६३ साली तो उंद्रीला परतला, तेव्हा त्याच्यासमोर बसायला गावात कोणी तयार होईना. चित्र काढलं की आयुष्य घटतं, असं लोक म्हणत. वर्षभर त्याने वांगी आणि घागरी रंगवल्या. माणसाचा चेहरा हातातून निसटत चालला, तसा तो घास गिळतानाही बेचैन असे.

त्यातच त्याची आई सोजराबाई अंथरुणाला खिळली. मेहकरच्या डॉक्टरने हात टेकले. एका सकाळी तीच म्हणाली, "मले उठवून बसव. माहं आयुष्य आता काय घटते? काढ माहं चित्र."

भिंतीला टेकवून त्याने तिला बसवलं. तो रोज काढत होता आणि ती रोज खंगत होती. काल रंगवलेला गाल आज जागेवर नसायचा. शेवटी हताश होऊन त्याने रंग पुसायला चिंधी उचलली.

"काऊन पुसतं? दाखव मले."

त्याने चित्र समोर धरलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे तं माही माय हाये," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर दोनदाच भेटली मले."

इंद्रभानच्या हातून पुसणं झालं नाही, आणि रंगवणंही.

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिरडी बांधताना मावशी रुखमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "चित्र काढून मारलं यानं मायले." तिला कोणी अडवलं नाही. त्यानंतर इंद्रभान रस्त्याने जाताना दिसला, की बाया लेकरांची तोंडं पदराआड घेत.