दाराजवळच्या कोपऱ्यातली सीट

मी एका सायकलची सीट बोलतेय. पण माझ्या आठवणीवर किती विसंबायचं, हे तुम्हीच ठरवा. मला डोळे नाहीत. माणसं मला कळतात ती वजनावरून आणि आवाजावरून. त्यामुळे मार्लिस पहिल्यांदा आली तो हिवाळा भरात होता की सरत आला होता, हे छातीठोक सांगवत नाही. दाराशी बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज आला होता, एवढं नक्की. पण अमेरिकेच्या उत्तरेला, या डुलूथमध्ये बर्फ अर्धं वर्ष असतो, तेवढ्यावरून महिना ओळखता येत नाही.

कारखान्यात मला मुद्दामच अरुंद आणि टणक केलं, मांड्या मोकळ्या फिराव्यात म्हणून. मग तळ्याकाठच्या व्यायामकेंद्रात, जागच्या जागी चालणाऱ्या सायकलींच्या शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या कोपऱ्यात मला बसवलं. पुढच्या रांगा जुन्या लोकांच्या. कुठे नाव लिहिलेलं नसतं, पण दुसऱ्याच्या सायकलवर कोणी बसत नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला कायम नवखी माणसं. दार जवळ असलं की त्यांना धीर येतो. मला मात्र त्या दाराची धडकी भरायची. त्यातून बाहेर पडलेलं माणूस क्वचितच परत यायचं.

इथल्या माणसांची एक खोड आहे, दुखलं तरी सांगायचं नाही. शिकवणारी ब्रिटा प्रत्येकाला विचारायची, सीट बरी आहे ना? आणि प्रत्येकजण म्हणायचा, ‘वाईट नाही.’ पुढच्या आठवड्यात तो नसायचा. माझा खालचा स्क्रू कधीतरी ढिला होऊन पुढचं टोक वर उचललं गेलं होतं. मला ते कळत होतं. पण कोणी तक्रार केली नाही, म्हणून कोणी वाकून पाहिलंही नाही.

मार्लिसला तिची नणंद, पुढच्या रांगेतली व्हर्ना, घेऊन आली. मार्लिसचा नवरा ऑरिन पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीत होता. त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तीच उचलायची. हल्ली तिचे पाय लटपटत होते. एकदा दोघंही जमिनीवर पडली होती. डॉक्टर म्हणाले, वसंतापर्यंत पायांत बळ आलं नाही तर त्याला शुश्रूषागृहात ठेवा. बर्फात चालणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. उरली ही सायकल. म्हणजे उरले मी. व्हर्ना हे सगळं ब्रिटाला माझ्याजवळ उभी राहून सांगत होती, आणि ऐकता ऐकता मी हबकून गेले.

मार्लिस बसली. सगळं वजन त्या उचललेल्या टोकावर, नको तिथे आलं. मी फार उंचही होते. पाय खाली पोचवताना तिची कंबर डोलायची आणि आतल्या कपड्याची शिवण घासायची. ती कण्हलीसुद्धा नाही. उतरताना तिने हँडल इतकं घट्ट धरलं की सायकल हादरली. ब्रिटाला म्हणाली, “वाईट नाही.”

संपलं, असं मला वाटलं. पण ती परत आली. येताना जेलचं जाडजूड कव्हर आणलं आणि माझ्यावर चढवलं. त्या मऊपणात ती रुतली आणि आणखीच चिमटली.

तिसऱ्या खेपेला ती बसलीच नाही. ऑरिनला बरं नाही, निघते, असं व्हर्नाला सांगू लागली.

“अगं, हल्ली तू माझ्याकडे कॉफीसुद्धा उभ्यानेच पितेस,” व्हर्ना म्हणाली. “मी काय आंधळी आहे?”

“ठीक आहे गं मी.”

“तुझं ठीक मला ठाऊक आहे. बाळंतपणात नर्सला ठीक आहे म्हणालीस. ती गेली निघून, आणि पोर झेललं मी.”

व्हर्नाचा आवाज उतरला. “ऑरिनला खुर्चीत बसून बसून जखम झाली, तेव्हा तोही ठीकच होता. काय म्हणाली होतीस त्याला?”

कोणीतरी दार उघडलं होतं. तळ्यावरचा वारा सरळ माझ्यावर येत होता. आता ही जाणार, या धास्तीने मी थिजले होते.

“म्हणाले, बोलला असतास तर उशी बदलली असती,” मार्लिस म्हणाली. मग बारीक आवाजात तिने हाक मारली, “ब्रिटा, मला दुखतंय. फार दुखतंय.”

ब्रिटाने माझ्या खालून हात फिरवला आणि पान्याने मला सपाट केलं. कव्हर काढून टाकलं. मार्लिसला शेजारी उभं करून मला तिच्या कमरेच्या हाडाशी आणलं, हँडल वर घेतलं. सायकलस्वारांची पॅड शिवलेली चड्डी घ्या, तिच्या आत काही घालू नका, असं सांगितलं. पेडलचा भार थोडा वाढवा म्हणजे वजन पायांवर जाईल, मधूनमधून पेडलवर उभ्या राहा, घामाचे कपडे लगेच बदला. पहिले काही आठवडे थोडं दुखेल. पण मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं तर तेव्हाच बोला.

मार्लिस पुन्हा बसली. तिची बसायची दोन हाडं पहिल्यांदा माझ्या मागच्या रुंद भागावर आली.

ती येत राहिली. मग पुढच्या रांगेत गेली, व्हर्नाशेजारी. मला आनंद व्हायला हवा होता. पण वर्षानुवर्षं एकच भीती कुरतडत राहिली. ते वाया गेलेले पहिले दिवस महागात तर पडले नसतील? ऑरिनचं काय झालं? विचारणार कशी? आणि ही माणसं आपणहून थोडीच सांगतात.

आता माझं रेक्झिन फाटलंय, वर चिकटपट्टी आहे. नव्या सायकली यायच्या आहेत म्हणे. जाण्याआधी एवढीच विनवणी: सीटला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. दुखलं तर दाराकडे जायच्या आधी बोला.

आणि ऑरिनचं म्हणाल, तर ते मला परवा कळलं. एक नवे गृहस्थ कोपऱ्यात नुसतेच घुटमळत होते. पुढच्या रांगेतून मार्लिस आली. मला त्यांच्या कमरेशी लावता लावता म्हणाली, “मी नवऱ्याला उचलता यावं म्हणून आले होते. तो गेला गेल्या वर्षी. घरीच, आपल्या पलंगावर. आदल्या संध्याकाळी मीच निजवलं होतं.”