सोळा तास सत्तावीस मिनिटे

दोन हजार पंचवीस सालच्या एप्रिल महिन्याच्या अठ्ठावीस तारखेस, सोमवारी दुपारी तीन वाजता, परभणी तालुक्यातील झरीच्या शिवारात, दत्तरावांच्या आखाड्यावरील, म्हणजे शेतातल्या घरातील, इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याची सूचना देत केकाटू लागला. वीज यायला अजून सात तास होते.

दत्तरावांनी सेलूच्या जिनिंगमध्ये तीस वर्षे काढली होती. रुईची धूळ छातीत बसली ती बसलीच, आणि आता प्राणवायू पुरवणाऱ्या यंत्राची नळी नाकातून निघत नव्हती. डॉक्टरांनी पंधरवडा सांगितला होता. म्हाताऱ्याचे मागणे एकच : तो पंधरवडा परभणीच्या भाड्याच्या खोलीत नव्हे, आपल्या दोन एकरांत जावा. आखाड्याला वीज शेतीच्या लाइनवरची, रात्री दहा ते सकाळी सहा. उरलेल्या सोळा तासांचा प्रश्न त्यांच्या शिक्षक मुलाने, सिद्धोधनाने, एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरपुढे मांडला होता.

कॅल्क्युलेटरने विचारले तेवढे त्याने इमानेइतबारे सांगितले. बॅटऱ्या चार, प्रत्येकी बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तास. यंत्र साडेतीनशे वॅटचे. उत्तर आले, सोळा तास सत्तावीस मिनिटे. त्याने ते वहीवर पडताळले. चारही बॅटऱ्यांच्या एकूण व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचे, शंभरातले वीस वाया गेले असे धरायचे, उरेल त्याला वॅटने भागायचे.

वायरमन बिरदेवाने तेव्हाच नाक मुरडले होते. "सर, तुमच्या मोबाइलला झरीची लाईट म्हाईत हाय का?"

गुणाकारात चूक दाखव, असे सिद्धोधनाने त्याला बजावले. चूक नव्हतीच. शिवाय रविवारी रिकाम्या खाटेशेजारी यंत्र चालवून पाहिले, तर ते सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अखंड चालले. सोमवारी पहाटेच तो वडिलांना घेऊन आला. म्हाताऱ्याने खाट बांधावरच्या शेवग्यांकडे वळवून घेतली आणि कित्येक दिवसांनी अख्खी भाकरी खाल्ली.

आता नळी दोन तास पुरणाऱ्या प्राणवायूच्या छोट्या सिलिंडरला जोडून, आईला त्याच्या काट्यावर नजर ठेवायला बसवून, सिद्धोधनाने बिरदेवाला बोलावून घेतले. बिरदेवाने एकेक बॅटरी तपासली आणि सावकाश उलगडून सांगितले. रविवारच्या चाचणीला बॅटऱ्या दुकानातूनच भरून आल्या होत्या. एकदा रिकाम्या झाल्या की भरायला चौदा तास हवेत. इथे वीज आठ तास, तीही मरतुकडी. कॅल्क्युलेटर बॅटरी भरलेलीच धरतो. ती भरते का, हे तो विचारीतच नाही.

सिद्धोधन हट्टाने भांडत राहिला. आणखी चार बॅटऱ्या? त्याही याच आठ तासांत भरायच्या. मोठा चार्जर? या लाइनला तो झेपत नाही. सौर पॅनेल? बसेपर्यंत महिना जाईल. जनरेटर हा शब्द त्याने स्वतःच मागे घेतला; त्या छातीशेजारी धूर. मोठे सिलिंडर दुकानदार शहराबाहेर देत नव्हता. खाटेवरून दत्तराव सगळे ऐकत होते.

बिरदेवाने पाना पिशवीत टाकला, खाटेजवळ उकिडवा बसला आणि मुलाशी नव्हे, म्हाताऱ्याशी बोलला.

"मामा, इथं तुमाला ऱ्हाता येणार न्हाई. आजच परभणीला जावं लागंल."