पिशवीत बांधलेला गजर

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला गॅसचा गजर महिन्यात तिसऱ्यांदा कोकलला, आणि तिसऱ्यांदा दुरुस्तीवाल्या ताईलाच बोलावणं आलं. सकाळपासूनची ही तिची पाचवी जागा. पायांचे नुसते तुकडे पडले होते. वर पाहते तो गजरावर प्लास्टिकची पिशवी, रबर लावून घट्ट बांधलेली.

"मीच बांधली," स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या. "मेल्यानं लांडगा आला रे आला करून जीव नकोसा केलाय. ओटा स्पिरिटनं पुसला तरी बोंबलतो."

ताईनं शेगड्या बंद करायला लावल्या, पिशवी काढली आणि स्पिरिटचा बोळा जवळ धरला. गजर लगेच वाजला. मावशींचं खरं होतं. आत कथिलाच्या ऑक्साइडचा तापलेला मणी असतो. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटून विजेची वाट अडवतो. जळणारी कुठलीही वाफ आली की ती तो ऑक्सिजन काढून घेते आणि वीज वाढते. स्पिरिट काय नि गॅस काय, मण्याला सब घोडे बारा टक्के.

"मग लिहा की कागदावर, स्पिरिटमुळे वाजला! तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

मोह झाला. पण बोळा बाहेर टाकून, खिडक्या उघडून ती पालथ्या बादलीवर बसली. हवेतला गॅस मोजणाऱ्या तिच्या मीटरचा काटा खाली यायला हवा होता. निम्म्यावर आला आणि तिथंच अडून राहिला. तिचे डोळे मिटत होते, काटा हलत नव्हता.

"वास येतोय का हो मावशी?"

"तीस वर्षं याच धुरात गेली. आता कसला वास कळतोय!"

ताई उठली. नळीच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावत गेली. कपाटामागच्या वळणावर बुडबुडे आले, बारीक, एकामागोमाग एक.

तिनं मुख्य कॉक बंद केला. मावशींनी काढून ठेवलेली पिशवी उचलली. "आणि मी त्याचं तोंड बांधून ठेवलं."

"फोन केलात ना? मग झालं तर."

सांधा बदलेपर्यंत दुपार कलली. आजी-आजोबांनी दूध-पाव खाल्ला, कुरकुर केली. ताई पायरीवर टेकली, तशा मावशी शेजारी येऊन बसल्या.

"तुम्हाला तरी आला होता का वास?"

ऑफिसात कुणाला न सांगितलेली गोष्ट ताईच्या तोंडून सहज निघून गेली. "दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं, मावशी. काहीच येत नाही."

मावशींनी तिची हत्यारांची पेटी आपल्याजवळ ओढून घेतली. मग म्हणाल्या, "थोडं आडव्या व्हा आत. कुणी आलं तर मी उठवते."

ताई खरंच आत जाऊन आडवी झाली.