तारेच्या टोकाची टोपी

या, असे जवळ सरकून बसा. टाळ खाली ठेवा, पंखा आपल्याकडे फिरवून घ्या. आज पुराणातलं आख्यान नाही लावायचं. आपल्या मानपाड्याकडचंच आहे, पंच्याण्णव सालच्या आसपासचं. आणि सुडाचं आहे, तेव्हा ऐकून झाल्यावर हात जोडायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तर मंजुळा डोंबिवलीतल्या एका हॉलच्या दारात उभी होती. दारातली मुलगी आलेल्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होती. मंजुळाच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून तिचं बोट हवेतच थांबलं.

"असू दे गो," मंजुळा म्हणाली, "मी कुंकवाला नाय आलेली."

आणि ती तडक पहिल्या रांगेत जाऊन बसली. ती आली होती त्र्यंबकचा भर सभेत पचका करायला.

हा त्र्यंबक म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी कार्डं बनवणाऱ्या कंपनीचा मालक. शेड मानपाड्याच्या एमआयडीसीत. मंजुळाचा नवरा चंदू शेजारच्याच गावचा, भजनातला मृदंगी. एमआयडीसीत गेलेल्या जमिनींचा मोबदला घरोघर आलेला. तेव्हा त्र्यंबकनं चंदूला हाताशी धरलं. "चंदूशेठ, उद्या बँकेत, हापिसात, सगळीकडे मशीनला मशीन जोडणार. आणि जोडणारं कार्ड आपलं! शेअर घेऊन ठेवा."

चंदू भोळा होता, पण डोळे मिटून पैसा लावणारा नव्हता. शेडमध्ये जाऊन बसला आणि हे चालतं कसं, ते विचारून विचारून इंजिनियरला त्यानं भंडावून सोडलं. तेव्हा तिथं दाखवायला परदेशातून आणलेली कार्डं होती आणि ती खरोखरच चालत. जेवायला बसला की मंजुळाला समजावी, "बघ, चारी मशीन एकाच तारंवर. तारंच्या दोनी टोकांना टोपी. टोपी काढली का आवाज टोकावर आपटून मागं फिरतो. मंग समदा गोंधल. एक मशीन दुसरीचं काय ऐकंना. मृदंगाची एक बाजू फाटल्यावर दुसरी वाजवून काय फायदा? तसाच."

त्याच्या शब्दावर गावानं शेअर घेतले. पुढे भाव गडगडला. गाव शेडवर चालून गेलं तेव्हा त्र्यंबक पायरीवर उभा राहून म्हणाला, "मी कुणाच्या दारात आलो होतो का? चंदूला विचारा. दलाली त्यानं खाल्ली."

चंदूनं एक दमडी खाल्ली नव्हती. पण त्यानंतरच्या एकादशीला त्याचा चुलतभाऊ धाकू यानं देवळात, सगळ्यांच्या देखत, त्याच्या मांडीवरचा मृदंग उचलून घेतला. "तुजे हात बाटलेत." चंदू मग देवळाची पायरी चढला नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. खांदा द्यायला माणसं मिळाली, पण त्याचं नाव गावातनं असं पुसलं गेलं, जणू तो कधी जन्मलाच नव्हता.

आणि तोच त्र्यंबक आता नवीन शेअर विकायला उभा होता. गावातनं कोणी आलं नव्हतं. एक धाकू तेवढा मागे भिंतीला टेकला होता.

स्टेजवर चार कॉम्प्युटर, एका काळ्या तारेत ओवलेले. पहिल्या पडद्यावरून शिडाची होडी निघे, कडेला दिसेनाशी होई आणि दुसऱ्या पडद्यावर उगवे. तिथून तिसऱ्या, मग चौथ्या.

"ही होडी आपल्या कार्डांमधून प्रवास करतेय!" त्र्यंबक म्हणाला. टाळ्या पडल्या. "या ना, जवळून बघा, हात लावून बघा!"

लोक उठले. मंजुळाही उठली. देवापुढे टेकावं तसं तिनं टेबलाच्या कडेला डोकं टेकलं आणि तारेचं टोक चाचपलं. टोपी दाबली, फिरवली. टोपी तिच्या मुठीत आली.

आता पडदे मरतील. आता ह्याचं तोंड काळं पडेल. तिनं वर पाहिलं.

होडी चालली होती. दुसऱ्या पडद्यावर, तिसऱ्या, चौथ्या. जराही अडखळत नव्हती.

माणूस गेला तो गेला, आता सूडही गेला. म्हणजे चंदूला काही कळलंच नव्हतं? की उगाच बढाया मारी? तिनं मूठ आवळली, टोपीची कड तळव्यात रुतली, आणि तिच्या डोक्यात लख्ख झालं. चंदू खरा असेल तर ह्या तारेतून काही जातच नाही. प्रत्येक मशीन आपापल्या पोटातली होडी चालवतंय.

त्र्यंबकचं लक्ष तिच्या मुठीकडे गेलं. तो हसतहसत जवळ आला, आवाज खाली आणला. "वहिनी, ते द्या इकडे. तुमचेही शेअर आहेत, गावाचेही आहेत. आज हे खपले तर सगळ्यांचा भाव वर येईल. तोंड उघडलंत तर अख्खं गाव बुडेल."

मंजुळा हसली. चंदू गेल्यापासून पहिल्यांदाच.

"बुडू दे."

आणि भजनात वरचा स्वर लावावा तसा तिनं आवाज चढवला. "शेठ, होडी लई गोड हाय! आता पयल्या मशीनवर माज्या मानसाचं नाव लिवा, आन चवथ्यावर दाखवा. चंदू!"

"अहो, हा फक्त डेमो आहे..."

"लिहा की हो!" मागून एक पेन्शनर ओरडले. "एवढी शिडाची होडी गेली, तिथे चंदू अडकतोय होय?"

हशा पिकला. इंजिनियरनं मालकाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि नाव टाइप केलं. पहिल्या पडद्यावर चंदू उमटला. बाकी तीन पडद्यांवर होडी आपली जात राहिली. हशा विरला.

"वायर लूज असेल," त्र्यंबक म्हणाला.

मंजुळानं मूठ उघडून टोपी सगळ्यांना दाखवली. "लूज कशाला? ही टोकाची टोपी मी कवाच काढली. तार मेलीय, तरी तुजी होडी चाललीय. कनच्या पान्यावर चाललीय रं चोरा? ह्या खोट्यापायी माज्या मानसाला दलाल बोललास!"

खुर्च्या करकरल्या. फॉर्म फाटले. कुणीतरी त्र्यंबकची कॉलर धरली. मंजुळानं मान वळवली नाही. डोळे भरून पाहिलं, पार शेवटपर्यंत.

हॉल रिकामा झाला. इंजिनियर एकेक मशीन बंद करू लागला. तीन होड्या विझल्या. पहिल्या मशीनशी आला तेव्हा मंजुळा म्हणाली, "ऱ्हाऊ दे जरा."

ती त्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. धाकू मागून आला.

"वयनी, समद्या गावाला बुडवलंस."

"हो."

धाकूनं पडद्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "चंदूला आमी उगाच..." आणि शेजारच्या खुर्चीकडे सरकला.

मंजुळानं मांडीवरची पिशवी उचलली आणि त्या खुर्चीवर ठेवली. धाकू उभाच राहिला.

ऐकलंत? मग माझ्यासाठी एवढं करा. संध्याकाळी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या मागोमाग चंदूचंही घेत जा. बुडालेल्या गावात ते अजून कुणी घेत नाही.